काखेत कॅमेरा, गावाला वळसा

दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडे दोन प्रकारची माणसे घराबाहेर पडतात. काही हवापालटासाठी जातात. त्यांच्याशी माझे काही वैर नाही. काही ‘फोटो काढायला’ जातात. माझे भांडण आहे ते या दुसऱ्या मंडळींशी. फराळाचे ताट समोर असताना भांडण उकरून काढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. दिवाळी अंकाखेरीज इतकी माणसे एका जागी निवांत सापडत नाहीत.

ही मंडळी आपणा सर्वांच्या ओळखीची आहेत. भाद्रपदात ती कासच्या पठारावर फुलांपुढे गुडघे टेकतात. वारीच्या दिवसांत दिवेघाटात उभी राहून वारकऱ्यांवर कॅमेरे रोखतात. थंडीत वाराणसीच्या घाटांवर धुक्याची वाट पाहतात, आणि गाठीला चार पैसे साठले की लडाखला पँगाँग सरोवराच्या काठी जाऊन येतात. परत येताना प्रत्येकाजवळ हजार-दीड हजार फोटो असतात, आणि गंमत अशी की एकाचे फोटो दुसऱ्याच्या यंत्रात घातले तरी दोघांपैकी कोणालाही पत्ता लागू नये. तेच निळे पाणी, तोच नावाडी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली तीच म्हातारी.

अशा एखाद्या गृहस्थाला विचारावे, “तुमच्या आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात ना? त्यांचा फोटो दाखवा पाहू.” तो गोंधळून म्हणतो, “आईचा? त्यात काय काढायचे?”

या तीन शब्दांशी माझा झगडा आहे. त्यात काय काढायचे! जिन्यात काय काढायचे, मोरीत काय काढायचे, रोजच्या लोकलमध्ये काय काढायचे! काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपले वाडवडील म्हणत. आता कळसे गेले आणि प्रत्येकाच्या खिशात फोनच्या रूपाने कॅमेरा आला. वळसा मात्र होता तेवढाच राहिला, किंबहुना चांगला हजार कोसांनी वाढला.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या घरात आपण राहतो आणि ज्या वाटेने रोज पोटासाठी जातो, त्यांचे छायाचित्र आपल्याइतके चांगले दुसरे कोणी काढू शकत नाही; आणि आपण ते काढले नाही, तर ते कोणीच काढणार नाही. पँगाँग सरोवराला आपल्या एका फोटोवाचून काही अडत नाही. आपल्या आईला अडते.

कोणी म्हणेल, ही बाईमाणसाची भाबडी समजूत झाली. छायाचित्रण ही कला आहे, तिला भव्य विषय लागतात. या विद्वानांनी आपल्याच कलेचा जन्म आठवून पाहावा. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स नावाच्या गृहस्थाने १८२६-२७ च्या सुमारास कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराचा लेप देऊन, कित्येक तास उन्हाची वाट पाहून एक चित्र उमटवले. आज टिकून असलेले कॅमेऱ्याने घेतलेले ते सर्वांत जुने छायाचित्र. त्यात काय आहे? आल्प्स पर्वत नाही, राजाचा महाल नाही. निएप्सच्या घराच्या माडीवरच्या खिडकीतून दिसणारी शेजारची छपरे आणि मधले अंगण आहे. जगातल्या या पहिल्या छायाचित्रकाराला घराची पायरी उतरावी लागली नाही.

त्यानंतर १८३८ साली लुई दागेरने पॅरिसमध्ये वरच्या मजल्याच्या खिडकीतून खालच्या रस्त्याचे चित्र घेतले. तो रस्ता गजबजलेला होता. पण चित्र उमटायला काही मिनिटे लागत असल्यामुळे धावत्या घोडागाड्या आणि लगबगीने चालणारी माणसे त्यात उमटलीच नाहीत. रस्ता ओसाड दिसतो. एका कोपऱ्यावर मात्र एक माणूस पाय पुढे करून बूट पॉलिश करून घेत थांबला होता. तो तेवढा पत्र्यावर राहिला. छायाचित्रात उमटलेला हा पहिला मनुष्य समजला जातो. पॅरिसचे सारे शेठ-सावकार त्या दिवशी गाडीतून निघून गेले, आणि इतिहासात राहिले ते बूट पॉलिश करून घेणारे एक अनोळखी गिऱ्हाईक. रोजच्या, साध्या गोष्टीसाठी जो थांबतो तो या कलेत टिकतो, हे तिने जन्मतःच सांगून ठेवले आहे.

आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर दादासाहेब फाळक्यांचे घ्या. १९१२ साली विलायतेहून यंत्रसामग्री आणल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी कशाचे चित्रण केले? कुंडीत लावलेल्या वाटाण्याचे. कॅमेरा एका जागी ठेवून त्यांनी त्याची वाढ थोडी थोडी टिपली, आणि पडद्यावर वाटाण्याचे रोप पाहता पाहता वर येताना दिसले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांपुढे आला. त्याच्याआधी हा घरचा वाटाणा आला होता. ज्यांच्या नावाने आज चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो, त्यांना कुंडी पुरली. आम्हाला मात्र पठार लागते!

‘आमच्या घरात पाहण्यासारखे काही नाही,’ असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एकच नाव सांगते. प्राग शहरात जोसेफ सुडेक नावाचा छायाचित्रकार होता. पहिल्या महायुद्धात त्याचा एक हात गेला. १९४० साली, शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, त्याने आपल्या लहानशा स्टुडिओच्या खिडकीची चित्रे घ्यायला सुरुवात केली, आणि १९५४ पर्यंत तो ती घेत राहिला. काचेवरचे दव, काचेवरचे बर्फ, बाहेर एक वेडेवाकडे झाड, आत खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा पेला. एक खिडकी चौदा वर्षे पुरली. ती पुरली, कारण तो तिथेच राहत होता आणि कोणत्या ऋतूत, कोणत्या घटकेला त्या काचेवर काय होते हे त्याला ठाऊक होते. प्रवाशाला एक दिवस मिळतो, घरच्या माणसाला रोजचा दिवस मिळतो. मग यात श्रीमंत कोण?

आता लोकलकडे वळते, कारण माझे निम्मे आयुष्य तिच्यात जाते. मी डोंबिवलीहून परळला एका शिशुवर्गावर शिकवायला जाते. जाऊन-येऊन अडीच तास. ‘त्या गर्दीत श्वास घ्यायला जागा नाही, फोटो कसले काढता?’ असे मला नेहमी ऐकवतात. श्वास घ्यायला जागा नसते हे खरे. पण डोळ्यांना तिकीट पडत नाही. सकाळी ठाणे सोडून मुंबईकडे जाताना उन्ह डाव्या हाताच्या खिडकीतून येते. संध्याकाळी परतताना पुन्हा डाव्याच हाताला येते, कारण तोवर गाडीनेही तोंड फिरवलेले असते आणि सूर्यानेही. ही गोष्ट एकदा कळली की कोणत्या बाजूच्या बाईच्या मांडीवर गजांची सावली पडणार हे पाहण्याआधीच समजते. मग दिसू लागते ते असे: वाटाणे सोलणारी बोटे आणि पदरात साठलेली सालपटे, वरच्या कड्यांना धरलेल्या, नाना तऱ्हेच्या बांगड्या ल्यालेल्या हातांची रांग, कानातल्यांचे पुठ्ठे दोरीला लावून फिरणारी विक्रेती आणि तिच्या पुठ्ठ्यावर हललेला उजेड, पावसात खाली ओढलेल्या पत्र्याच्या झडपांच्या फटीतून आलेली पाण्याची रेघ, चौथ्या सीटवर अर्धवट टेकून पोथी वाचणारी आजी, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या माळा, पताका लावून सजलेला डबा. हे सगळे पाहायला परदेशातून माणसे येतात. आपण त्याला पाठ करून उभे असतो, आणि फोनवर त्यांच्या देशातली चित्रे पाहतो.

लोकलमधल्या चित्रांना मोल नसते असे कोणी म्हणू नये. अमेरिकेत वॉकर इव्हान्स याने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोरच्या बाकावरच्या उतारूंची चित्रे घेतली, आणि १९६६ साली निघालेले त्यांचे पुस्तक आजही छायाचित्रणाचे विद्यार्थी अभ्यासतात. आपल्या मुंबईतल्या अनुश्री फडणवीस यांनी लोकलच्या महिलांच्या डब्यात मोबाइलवर काढलेली ‘ट्रेन डायरीज’ची चित्रे देशभर पाहिली गेली, पुढे त्या वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकार झाल्या. रोजचा डबा हीच त्यांची शाळा होती.

इव्हान्सविषयी मात्र माझी एक तक्रार आहे, आणि ती केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याने कॅमेरा कोटाखाली दडवला होता. भिंग तेवढे दोन गुंड्यांमधून बाहेर डोकावत होते. समोरच्या माणसाला पत्ताही नसे. मला हे पटत नाही. शेजारणीच्या नकळत तिचा झोपलेला चेहरा उचलणे ही चोरी आहे, मग ती कितीही कलावंताने केलेली असो. बायकांच्या डब्यात तर हा नियम दुप्पट कडक हवा, कारण दिवसभरातून तिथेच तेवढे आपल्याकडे कोणी पाहत नाही असा विसावा बाईला मिळतो. यावर उपाय साधा आहे: विचारावे. “ताई, तुमचे हात काढू का?” असे मी विचारते. दहांपैकी निम्म्या हसून नको म्हणतात. त्यांचा मान ठेवावा. बाकीच्या हात पुढे करतात आणि चार स्टेशने गप्पा होतात. वाराणसीच्या घाटावरच्या साधूला कोणी विचारले होते? दुसऱ्याच्या गावातले दारिद्र्य टिपून स्पर्धेत बक्षिसे मिळवणाऱ्यांना मला हेच सांगायचे आहे, की जिथे पुन्हा तोंड दाखवायचे नसते तिथे संकोच लवकर सुटतो. उद्या सकाळी त्याच ८.१० च्या गाडीत त्याच बाईशेजारी बसायचे असले की कॅमेरा आपोआप सभ्य होतो.

आता या सगळ्यामागच्या दुखण्यावर बोट ठेवते. आपण घरचे फोटो का काढत नाही? विषय नाही म्हणून? मुळीच नाही. आपल्याला घराची लाज वाटते म्हणून. पूर्वी गिरणगावातली कुटुंबे वर्षा-दोन वर्षांनी स्टुडिओत जात. बापाच्या अंगात स्टुडिओवाल्याचा कोट, आईच्या मागे रंगवलेला बगीचा किंवा ताजमहाल, पोरांच्या हातात कागदी फुले. घरी यातले काही नसे. फोटो काढायचा तो आपण जे नाही त्याचा, अशी समजूत तेव्हापासून आपल्या हाडीमासी खिळली. आज नाक्यानाक्यावर प्लास्टिकच्या वेली आणि पंख लावलेले ‘सेल्फी पॉइंट’ झाले आहेत, आणि माणसे रांग लावून तिथे उभी राहतात. पडदा बदलला, लाज तीच राहिली.

या लाजेची किंमत किती पडते ते मी अनुभवाने सांगू शकते. माझे वडील साचेखात्यात होते. मी १६० चौरस फुटांच्या खोलीत, डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत वाढले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसे बाहेर पडली, आणि पुष्कळांना गिरणीचा दरवाजा पुन्हा दिसलाच नाही. वडील त्यांतले एक. त्या ओढगस्तीत माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. वडिलांचा कामावरचा एकच फोटो आमच्याकडे आहे: गेटपासवरचा, टपाल तिकिटाएवढा. आईचा स्वयंपाक करतानाचा एकही नाही. ती गेली तेव्हा हार घालायला फोटो हवा होता. तो एका लग्नाच्या ग्रूपमधून कापून मोठा करून घ्यावा लागला. तिच्या खांद्यावर आजही कोणा परक्या बाईचा अर्धा हात दिसतो. हे फक्त आमच्याच घरी आहे असे कोणाला वाटते काय? आपल्या भिंतीवरच्या तसबिरी जरा जवळ जाऊन पाहाव्यात.

पुढे मी त्या चाळीवर कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा दादाशी तीन रविवार वाद झाला. तो म्हणे, भांड्यांची फळी खिडकीवर होती. मी म्हणे, देव्हाऱ्यावर. वीस वर्षे सहा माणसे ज्या खोलीत जगली, तिच्यात फळी कोणत्या भिंतीला होती हे सांगणारा एक पुरावा नव्हता. आता तर त्या चाळीच जात आहेत. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचे घर, स्वतःचे न्हाणीघर. आनंदाचीच गोष्ट आहे, जुन्या दैन्याचे गोडवे मी गाणार नाही. पण शंभर वर्षांच्या त्या खोल्या रिकाम्या होण्यापूर्वी, माळ्यावर झोपणाऱ्या पोरांसकट आणि गॅलरीतल्या पिंपासकट त्यांचे चित्र किती घरांनी काढून ठेवले असेल?

आपली रीत ठरलेली आहे: जिवंतपणी पाहायचे नाही, आणि तिरडीपाशी गर्दी करायची. मुंबईत १९३७ पासून दुमजली बस धावली. डिझेलवरच्या शेवटच्या जुन्या बसची १५ सप्टेंबर २०२३ रोजी अखेरची फेरी झाली, तेव्हा हार घालून तिला निरोप दिला गेला आणि फोटोंसाठी झुंबड उडाली. पुढच्याच महिन्यात काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली; पुन्हा तोच प्रकार. ज्या बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटसाठी आपली दोन पिढ्यांची मुले धावली, तिचे एखाद्या साध्या मंगळवारचे चित्र किती घरांत सापडेल? शेवटच्या दिवसाच्या फोटोत बस कमी आणि बसचे फोटो काढणारी माणसे जास्त दिसतात.

यावर शेवटचा आक्षेप असा येतो, की बाई, आता फोन आला, रोज शेकड्यांनी फोटो निघतात, तुमची चिंता जुनी झाली. फोटो निघतात हे मान्य. पण कशाचे? स्वतःच्या तोंडाचे आणि हॉटेलातल्या ताटाचे. पूर्वी एका रिळात बारा चित्रे निघत, म्हणून माणूस विचार करी; आता बाराशे निघतात म्हणून कोणी पाहतही नाही, आणि फोन बिघडला की सगळी एकदम जातात. माझ्या वर्गात चार-पाच वर्षांची मुले आहेत. त्यांना कागद आणि रंग दिले की ती काय काढतात? घर, आई, आगगाडी. लडाख आजवर एकानेही काढलेला नाही. एकदा पालकांना सांगून मी या मुलांच्या हाती घरचा फोन दहा मिनिटे द्यायला लावला. एकाने आजीच्या भेगाळलेल्या टाचा काढल्या. एकीने ओट्याची खालची बाजू आणि आईचा पाठीवरून सुटलेला पदर काढला. कॅमेरा तीन फुटांवरून जग पाहत होता आणि जे पाहत होता ते त्यांचे स्वतःचे होते. आईबापांना ते फोटो ‘बिघडलेले’ वाटले. मला वाटते, त्या इमारतीत त्या दिवशी तेवढेच खरे फोटो निघाले.

वाचकहो, हे सगळे मी तुम्हाला उपदेश म्हणून सांगत नाही. मागणी म्हणून करते आहे. या दिवाळीत चकलीच्या ताटाचा फोटो काढू नका. सोऱ्या दाबणारे हात काढा. कंदिलाचा काढू नका. तो टांगायला स्टुलावर चढलेले बाबा आणि खाली स्टूल धरून ‘सांभाळून हो’ म्हणणारी आई काढा. पोरांनी मातीचा किल्ला केला असेल तर त्यांच्या चिखलाने माखलेल्या ढोपरांसकट काढा. दारातल्या चपलांचा ढीग काढा. त्यात या वर्षी कोण कोण आले होते ते पुढे कळेल. घर आवरू नका. दोरीवरचे कपडे दोरीवरच राहू द्या. आणि त्यांतली दहा चित्रे कागदावर छापून घेऊन मागे शिसपेन्सिलीने नाव, जागा आणि तारीख लिहा, कारण तीस वर्षांनी तुमची नात विचारणार आहे की फळी कोणत्या भिंतीला होती.

तेव्हा तिला पँगाँग सरोवर दाखवून भागणार नाही.